मुलीच्या विमानाचा डावा ब्रेक उतरताना गेला. असा अचानक जातो कसा?

पिटवरचा

नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं एसटीत मेकॅनिक होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. विमानातलं मला काडीचं कळत नाही. ब्रेकमधलं मात्र कळतं, आणि त्यामुळंच झोप उडालीय.

मुलगी महाराष्ट्राबाहेर एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते. नाव देत नाही, चौकशी चालू आहे. एकशे बारा तास झालेत. मागच्या पंधरवड्यात एका सकाळी ती एकटीच सेसना १५२ (दोन सीटचं शिकाऊ विमान) घेऊन सर्किट मारत होती, म्हणजे उडायचं, फेरी मारून परत उतरायचं. तिसरं लँडिंग. चाकं मधल्या रेषेवर नीट टेकली. वारा उजवीकडून, आठेक नॉट. मागं फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, दुसरं विमान होतं म्हणून रेडिओवर सांगितलं, लवकर बाहेर पड. हिनं दोन्ही ब्रेक दाबले. उजवा लागला. डावं पेडल, तिच्याच शब्दांत, "पप्पा, अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं" खाली गेलं. विमान उजवीकडं ओढलं गेलं. हिनं डावं अजून जोरात दाबलं, पण तिथं दाबायला काही उरलंच नव्हतं. कडेचा दिवा फुटला, मऊ मातीत पुढचं चाक रुतलं आणि मोडलं, पंखा जमिनीला लागला. पोरगी सुखरूप आहे. हनुवटीला तीन टाके पडले.

तिथले लोक म्हणतात, तू गडबडीत एकच ब्रेक दाबला असशील. ती म्हणते दोन्ही दाबले. माझं लेकरू आहे म्हणून मी तिच्या बाजूनं बोलणारच, ते सोडा. मला यंत्राचं सांगा.

उडायच्या आधी इंजिन १७०० आरपीएमला नेऊन तिनं ब्रेकवर विमान धरलं होतं, तसूभर हललं नाही. उतरायच्या आधीही पेडल दाबून बघितलं, टणक लागलं. मग पाच मिनिटांत ब्रेक जातो कुठं? दुसरं, आमच्या गाडीची हवा उतरली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. स्प्रिंग चेंबर मागची चाकं आवळून धरतो. ड्रायव्हर शिव्या घालतो पण गाडी दरीत जात नाही. इतक्या महागड्या विमानाला ही साधी सोय का नसावी? आणि प्रेशर गेल्याचा बझर तरी?

घरी फोन करते, पण बोलत नाही. आई विचारते जेवलीस का, तर "हं".

उडाणटप्पू

विमानाला ब्रेक असतो हे मला आज कळलं. आम्हाला वाटायचं विमानतळ संपला की थांबतं.

(काका, राग मानू नका. मुलगी बरी आहे ना, मग बाकी सगळं दुरुस्त होतं.)

हँगर नंबर दोन

काका, मी एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ सेसनांच्या पोटाखाली गेली. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि जरा लाजही वाटली, कारण इतका सरळ प्रश्न आम्हाला कुणी परीक्षेतही विचारला नाही.

स्प्रिंग ब्रेकचं आधी घेतो. तुमची बस घाटात हवा गेल्यावर जागच्या जागी उभी राहते, आणि उभं राहणं हीच तिची सुटका. १५२ साधारण ४५ नॉटला टेकते, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. भरून वजन साडेसातशे किलोच्या आसपास, चाकं तीन, आणि मोठा भाग हवेत तरंगत असलेला. अशा वेळी एक चाक आधीच आवळलेलं असेल तर टायर फाटेल, विमान भोवऱ्यासारखं फिरेल किंवा नाकावर उलटं होईल. बरं, प्रेशर वरच गेलं असेल तर पायलटला पत्ताही नसेल की आपण जाम चाकावर उतरतोय. म्हणून आमच्याकडं नियम उलटा: ब्रेक मेला तर चाक मोकळं राहिलं पाहिजे. तुमच्याकडं जी सुरक्षा, तो आमच्याकडं अपघात.

रचना तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. हवा नाही, बूस्टर नाही, पंप नाही. पायलटच्या प्रत्येक पेडलला तेल ढकलणारा एक छोटा मास्टर सिलिंडर, तिथून नळी खाली चाकापर्यंत, तिथं चाकाबरोबर फिरणारी एक डिस्क आणि तिला चिमट्यासारखा आवळणारा एक कॅलिपर. डावं वेगळं, उजवं वेगळं, एकमेकांशी काही संबंध नाही. शेजारच्या सीटची पेडलं त्याच सिलिंडरना दांड्यांनी जोडलेली, त्यामुळं इन्स्ट्रक्टर असता तरी त्याच्याही पायाखाली तीच पोकळी आली असती. कारमध्ये ब्रेकच्या तेलाचं एक सर्किट गेलं तर दुसरं निदान सरळ थांबवतं. इथं एक गेलं की उरलेला ब्रेक तुम्हाला आपल्याच बाजूला ओढतो. बझर, गेज काही नाही. तळपायाला जे कळेल तेच गेज.

आता सकाळी टणक आणि उतरताना पोकळ, हे कसं? मी विमान बघितलेलं नाही, तेव्हा अंदाज समजा. कॅलिपरमधला पिस्टन लायनिंगला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थराला, डिस्कवर दाबतो. लायनिंग झिजलं की पिस्टन तेवढा जास्त बाहेर येतो. पिस्टनभोवती रबराची एक ओ-रिंग असते, तीच तेल अडवते. लायनिंग आणि डिस्क दोन्ही मर्यादेपलीकडं झिजली, तर एखाद्या जोरकस दाबाला पिस्टन इतका बाहेर येतो की ओ-रिंग सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते. मग सगळं तेल एका क्षणात बाहेर. त्याच्या आधीच्या दाबाला मात्र पेडल दगडासारखं लागू शकतं, कारण तोवर रिंग आत असते. रन-अपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला, पाय स्थिर असतो आणि चाक फिरत नसतं. धावपट्टीवर घाईत मारलेला ब्रेक ही वेगळीच चीज आहे.

दुसऱ्या शक्यताही आहेत. तेलात हवा असेल तर पेडल स्पंजसारखं लागतं, पण ते दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं. मास्टर सिलिंडरची सील गेली असेल तर पाय धरून ठेवल्यावर पेडल हळूहळू बसत जातं. कुणी शहाण्यानं गाडीचं ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सगळी रबरं फुगून खराब. आमचं तेल खनिज आणि लाल रंगाचं असतं, गाडीतलं वेगळ्या जातीचं, दोन्हींची रबरंही वेगळी. पण "पायरी नसावी तसं" हे वर्णन मला ओ-रिंगकडंच नेतं.

तीन गोष्टी मिळतात का बघा. डाव्या चाकाच्या दोन्ही लायनिंगची जाडी. कॅलिपर आपल्या पिनांवर हातानं सरकतो का. आणि धावपट्टीवर डाव्या चाकाच्या रेषेत लाल तेलाचे डाग कुठून सुरू झाले. टायरच्या काळ्या घासणीवरून काही ठरत नाही, कारण एकच ब्रेक दाबला तरी घासण उजवीकडंच आणि डावा मेला तरी उजवीकडंच. तेल मात्र खोटं बोलत नाही.

शेपूटचाकी

मी निवृत्त इन्स्ट्रक्टर. सत्तरच्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'पुष्पक'वर शिकलो, शेपटाला चाक असलेलं विमान. त्यावर पाय जरा झोपला की विमान स्वतःभोवती गिरकी घ्यायचं आणि फ्लाइंग क्लबचा चहावाला सुद्धा हसायचा.

यंत्राचं वर उत्तम सांगितलंय. मी उडवण्याचं बोलतो, थोडं कडवट लागेल.

हे विमान थांबायला ब्रेक लागतातच असं नाही. कंपनीच्या पुस्तकात १५२ ची शॉर्ट-फील्ड (आखूड धावपट्टीवरच्या) लँडिंगची धाव ४७५ फूट दिलीय, म्हणजे दीडशे मीटरही नाही, आणि तीही जोरात ब्रेक मारून. शिकाऊ विमानांच्या बहुतेक धावपट्ट्या याच्या कित्येक पट लांब असतात. थ्रॉटल बंद, स्टिअरिंग पोटाशी ओढलेलं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, हवेलाच काम करू द्यायचं. ब्रेक शेवटी, चालीच्या वेगाला, वळणाच्या आधी. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाला तर मुळात चाकांना ब्रेकच नव्हते, शेपटाखालची पट्टी गवतात घासायची तेवढीच. जेआरडी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले त्या पस मॉथला आणखी गंमत होती: चाकांच्या दांड्यावरचं आवरण वाऱ्याला आडवं फिरवायचं, की उतरताना वेग आपोआप मरायचा. असो, म्हाताऱ्यांना विषय लागतो.

मग तुमच्या मुलीनं चाळीस नॉटला ब्रेक का मारला? तिला घाई केली म्हणून. मला यातला सगळ्यात जास्त खटकणारा भाग तो रेडिओवरचा आवाज आहे. मागच्याला पुन्हा एक फेरी मारायला लावणं हे त्यावरचं खरं उत्तर. शंभर-सव्वाशे तासांच्या पोरांना आपण उतरायला शिकवतो, रेडिओवर "नाही जमणार" म्हणायला शिकवत नाही.

आता तिची चूक. विमान उजवीकडं गेल्यावर तिनं डावं आणखी दाबलं. कुणीही दाबेल, मीही दाबलं असतं वयाच्या त्या टप्प्यावर. पण पुस्तक काय म्हणतं? एक ब्रेक गेला तर चांगला ब्रेक अगदी जपून वापरा आणि विरुद्ध बाजूच्या रडरनं (शेपटीवरच्या सुकाणूनं, तोही त्याच पेडलांनी फिरतो) तोल साधा. म्हणजे आधी उजवा पाय सैल. १५२ चं पुढचं चाक रडरला जोडलेलं असतं, फक्त पेडलनं साडेआठ अंशांपर्यंत वळतं. उजवीकडचा वारा विमानाचं नाक आपल्याकडं ओढत होता, उजवा ब्रेकही तिकडंच ओढत होता. दोघांतला एक तिच्या हातात होता. म्हणजे पायात.

हे तिला सांगा. पण आज नका सांगू. टाके निघाल्यावर सांगा.

ओहायोकर

सरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. मी इथं क्लबमध्ये डायमंड डीए४० उडवतो. त्याचं पुढचं चाक रडरला जोडलेलंच नाही, ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. वेग उतरला की वळायचं ते फक्त ब्रेकनं. म्हणजे इथं ब्रेक हेच स्टिअरिंग. एक गेला की रडरची पकड सुटल्यावर तुम्ही फक्त प्रवासी. सिरसचंही पुढचं चाक तसंच. नवशिके टॅक्सी करताना पाय ब्रेकवर टेकवूनच ठेवतात, उष्णतेनं कॅलिपरमधली रबरं जातात. म्हणून सिरसच्या ब्रेकवर तापमानाची चिकटपट्टी असते, काळी पडली तर उडायचं नाही.

काका, मुलीला म्हणावं, १५२ होतं हे नशीब.

जुना वकील

तांत्रिक कळत नाही, एवढंच सांगतो. आपल्याकडच्या २०१७ च्या अपघात तपास नियमांत आणि त्यामागच्या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट १३ मध्ये तपासाचा हेतू स्वच्छ लिहिलाय: पुढचे अपघात टाळणं, दोष ठरवणं नव्हे. मुलीनं जे आठवतं ते तारीख-वेळेसह आजच स्वतःच्या हातानं लिहून ठेवावं. "वाटतं" आणि "आठवतं" वेगवेगळं लिहावं. दुसऱ्यानं लिहून आणलेल्या जबाबावर सही करू नये.

पिटवरचा

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण स्वतः जाऊन आलो. रातराणीनं निघालो, पुढं रेल्वे, पुढं रिक्षा.

हँगरमध्ये मला आत सोडत नव्हते. तिथला एक पोरगेला टेक्निशियन होता, त्याला म्हटलं बाबा, मीही पिटवरचाच माणूस, हात बघ माझे. हात बघून तो हसला. नाव सांगणार नाही, त्याची नोकरी आहे. चौकशीवाल्यांनी मोजमाप करून झालं होतं, फोटो त्याच्याकडं होते. सुट्या भागांना मी हात लावला नाही, टेबलावर ठेवलेले लांबूनच बघितले.

हँगरवाले दादा, तुम्ही घरबसल्या बरोबर सांगितलंत. पिस्टन बाहेर आलेला, रिंग तिरकी होऊन अडकलेली. बाहेरून दिसणारं लायनिंग तीन मिलीमीटरला जरा कमी, म्हणजे चालण्यासारखं. चाकाच्या आतल्या बाजूचं, जे वाकून बघितलं तरी दिसत नाही, ते रिवेटपर्यंत गेलेलं. डिस्कवर रिवेटांनी गोल गोल चर पाडलेले, नखाला लागतील असे. कॅलिपर सरकतो त्या पिना गंजून बसलेल्या, म्हणून एकच बाजू खात राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर जाम कॅलिपर आणि लायनर रिवेटला. रोज बघितलेली केस. ती विमानाखाली बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि हो, धावपट्टीवर लाल डाग होते. चाक टेकल्यापासून साठ-सत्तर पावलांवर सुरू होतात, अगदी डाव्या चाकाच्या रेषेत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. अपघाताच्या दोन दिवस आधी दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं होतं की डावा ब्रेक जरा खाली लागतोय. तोंडी सांगितलं. कुणीतरी तेल टाकलं, पेडल वर आलं, विमान उडालं. वहीत काही नाही.

हे ऐकून मी चिडायला पाहिजे होतं. चिडलो नाही. २००४ साली एका ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, गाडी डावीकडं ओढतेय. पहाटे पाच चाळीसची फेरी होती. मी ड्रम न उघडता स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे सैल ब्रेक बाहेरून आवळायची सोय, दोन दात फिरवला आणि गाडी सोडली. त्या गाडीला काही झालं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा उघडून बघितलं, आणि काय बघितलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगत नाही.

हँगर नंबर दोन

काका, सगळा घोळ त्या तेलातच झाला. या सिस्टिममध्ये तेल कुठं जळत नाही की उडत नाही. पातळी उतरली याचे अर्थ दोनच: एक तर गळतंय, नाहीतर लायनिंग झिजून पिस्टन पुढं सरकलाय आणि रिकाम्या जागेत तेल गेलंय. खाली लागणारं पेडल हीच सूचना होती. तेल टाकून ती सूचना पुसली. पिस्टन होता तिथंच, कडेवर, फक्त पेडल परत टणक. म्हणूनच तुमच्या मुलीला तपासताना काही कळलं नाही आणि कळणं शक्यही नव्हतं. हे तिला माझ्याकडून सांगा, एका एएमईनं सांगितलं म्हणून सांगा.

अशा विमानांवरच्या क्लीव्हलंड ब्रेकच्या लायनिंगची किमान जाडी एक दशांश इंच, म्हणजे अडीच मिलीमीटर. बाहेरचं त्याच्या वर होतं म्हणून सगळे निर्धास्त. दोन्ही बाजू बघायच्या असतात, तेही दर वेळी.

नवीन लायनिंग बसवल्यावरही एक काम राहतं, ते विचारून घ्या: सतराशे आरपीएमवर साधारण पंधराशे फूट हलका ब्रेक धरून टॅक्सी, मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं, मग ताकदीची परीक्षा. हे न करता विमान दिलं तर नवं लायनिंगही पुरेसं धरत नाही. आणि पंखा जमिनीला लागलाय, तेव्हा त्याचं इंजिन उघडून तपासल्याशिवाय ते विमान उडता कामा नये.

शेपूटचाकी

तेलाचे डाग सापडले हे वाचून बरं वाटलं. 'एकच ब्रेक दाबला'वाल्यांना आता फोटो दाखवा आणि चहा घ्या. मी वर म्हणालो ती तिची चूक मात्र माझ्या यादीत कायम. ती पुन्हा उडायला बसेल तेव्हा इन्स्ट्रक्टरला सांगून एक सराव करून घ्या: टेकल्यावर पाय ब्रेकवरून पूर्ण काढून, टाचा जमिनीवर ठेवून, फक्त रडरनं सरळ ठेवायचं. पाच लँडिंग तशी केली की पाय शहाणे होतात.

पिटवरचा

शेवटचं कळवतो. काल तिचा फोन आला, स्वतःहून, पाऊण तास. सोमवारी इन्स्ट्रक्टरबरोबर चेक फ्लाइट आहे, दुसऱ्या विमानावर. शेपूटचाकी सरांचं म्हणणं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पप्पा, उजवा पाय सैल सोडायचा हे मला तिथंच कळलं होतं. दिवा फुटल्यावर."

मग विचारलं, आतलं लायनिंग दिसत नाही तर मी बघू कसं? तिथल्या टेक्निशियनकडं आहे म्हणे साधन, पण विद्यार्थ्यांना देत नाहीत. माझ्याकडं डेपोतला एक आरसा आहे, पेनाएवढ्या दांड्यावर रुपयाएवढा गोल, बिजागरीवर फिरणारा. इंजिनच्या मागचे बोल्ट बघायला मी तो स्वतःच्या पैशानं घेतला होता. काच एका कडेला टिचलीय, पण दिसतं. तो आणि एक बारीक टॉर्च आज कुरिअर केला. शनिवारपर्यंत पोचेल म्हणाले.